जिन्याची पाळी: ट्यूबिंगेनमधील एका कुटुंबात राहताना

ऑक्टोबर २०२४ ते जुलै २०२५ या दोन सत्रांत मी जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठात जर्मन भाषा आणि साहित्य शिकत होते, आणि तो सगळा काळ वसतिगृहात न राहता एका स्थानिक कुटुंबाच्या घरी राहिले. ट्यूबिंगेन हे जेमतेम ९० हजार वस्तीचे गाव. त्यात विद्यार्थीच २८ हजारांच्या घरात. सत्राच्या तोंडावर तिथे खोली मिळणे किती अवघड असते हे आधीच्या विद्यार्थ्यांकडून ऐकले होते. म्हणून आदानप्रदान कार्यक्रमाच्या कार्यालयाने यजमान कुटुंबाचा पर्याय सुचवताच मी तो स्वीकारला. त्यासाठी भरून द्यायच्या फॉर्ममध्ये धूम्रपान, पाळीव प्राणी, आहार, ॲलर्जी, झोपेच्या वेळा असे अपेक्षित प्रश्न होतेच, पण शेवटी आणखी एक होता: तुम्हाला कुटुंबात सहभागी व्हायचे आहे की केवळ खोली हवी आहे? सहभागी व्हायचे आहे, या चौकटीत मी फारसा विचार न करता खूण केली. त्या खुणेचा अर्थ कळायला पुढचे काही महिने लागले, आणि मला प्रामुख्याने त्याविषयीच लिहायचे आहे.

घर लुस्टनाऊ या भागात होते. तीन मजली इमारत, प्रत्येक मजल्यावर एक बिऱ्हाड, आणि आमचे बिऱ्हाड मधल्या मजल्यावर. यजमानीण बाई शाळेत शिक्षिका, यजमान एका कार्यालयात नोकरीला, आणि मुलगी शालान्त परीक्षेच्या म्हणजे आबिटूरच्या वर्षाला. थोरला मुलगा शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात गेला होता आणि त्याची खोली मला मिळाली होती. कपाटाचे दोन खण माझ्यासाठी रिकामे केलेले होते. उरलेल्या खणांत त्याची पुस्तके आणि फुटबॉलचे बूट तसेच होते. करार दोन पानांचा होता. दरमहा ठरलेली रक्कम, त्यात खोली, सकाळची न्याहारी, संध्याकाळचे जेवण आणि आठवड्यातून एकदा धुण्याचे यंत्र. व्हिसासाठी जे बंदिस्त खाते (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) उघडावे लागते, त्यात त्या वर्षाच्या नियमानुसार ११,९०४ युरो ठेवलेले होते आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो हाती येत. घराचे पैसे, आरोग्यविमा आणि पुस्तके एवढ्यात त्यातले बहुतेक संपत, त्यामुळे कोणत्या गोष्टीचे पैसे मोजले आहेत आणि कोणती गोष्ट आपुलकीने मिळते आहे, हा हिशेब सुरुवातीला सतत डोक्यात असे.

पहिले दोन आठवडे कागदपत्रांतच गेले. जर्मनीत नव्या पत्त्यावर राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत नोंदणी करावी लागते, आणि नुसता पत्ता सांगून भागत नाही. घर देणाऱ्याने सही केलेला दाखला सोबत न्यावा लागतो. यजमानांनी तो मी पोहोचण्याआधीच भरून टेबलावर ठेवला होता. नोंदणी झाली की ती माहिती सार्वजनिक रेडिओ आणि दूरचित्रवाणीचे शुल्क गोळा करणाऱ्या यंत्रणेकडे आपोआप जाते आणि काही आठवड्यांत दरमहा १८.३६ युरोंच्या मागणीचे पत्र दारात येते. पत्राची भाषा अशी असते की नवख्या माणसाने घाबरून पैसे भरून टाकावेत. परंतु हे शुल्क माणशी नसून घरटी असते, त्यामुळे कुटुंबाचा शुल्क क्रमांक कळवला की प्रकरण मिटते. माझे पत्र यजमानीण बाईंनी जेवणाच्या टेबलावर उघडले, माझ्याकडून उत्तर लिहून घेतले आणि त्यातल्या चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या. यजमानांचा आग्रह मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी होता: आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाल्यास ते भरून देणारा विमा मी काढावा आणि त्यात किल्ली हरवण्याचा समावेश असावा. इमारतीच्या मुख्य दाराची आणि घराची किल्ली एकच असल्याने ती हरवली तर तिन्ही बिऱ्हाडांची कुलपे बदलावी लागणार होती आणि तो खर्च हजारांत जातो. वर्षाला थोडक्या युरोंत येणारा तो विमा मी त्याच आठवड्यात काढला.

घराचा दिवस सकाळी सव्वासहाला सुरू होई. न्हाणीघर एकच, त्यामुळे वेळा ठरलेल्या होत्या: आधी मुलगी, मग बाई, मग यजमान, आणि सगळे बाहेर पडल्यावर मी. विद्यापीठात व्याख्याने ठरलेल्या तासाच्या पंधरा मिनिटे उशिरा सुरू करण्याची जुनी प्रथा असल्याने मला सकाळी घाई नसे. न्हाणीघर शेवटी वापरण्याची किंमत एवढीच की काचेवरचे आणि फरशांवरचे पाणी रबरी पट्टीने ओढून काढायचे आणि खिडकी सताड उघडायची, ही कामे माझ्याकडे येत. खिडकीचे हे प्रकरण जर्मन घरांत फार गांभीर्याने घेतात. कडाक्याच्या थंडीतही दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटे खिडक्या पूर्ण उघडून घरातली दमट हवा बाहेर काढतात, आणि त्या वेळी हीटर बंद ठेवतात. खिडकी दिवसभर किंचित कलती ठेवलेली कोणालाच खपत नाही, कारण त्याने भिंत गार पडते आणि कोपऱ्यांत बुरशी धरते. हीटरच्या चकतीवर १ ते ५ आकडे असतात. ३ वर खोली साधारण २० अंशांवर राहते. चकती ५ वर नेल्याने खोली लवकर तापत नाही, ती फक्त जास्त तापते, हे यजमानांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितले, आणि मुलीने त्याच वेळी त्यांच्या पाठीमागून डोळे फिरवले, कारण हे व्याख्यान तिने लहानपणापासून ऐकलेले असावे.

दुपारचे जेवण विद्यापीठाच्या भोजनालयात. संध्याकाळी सहा वाजता मात्र घरी, आणि तिथे पंधरा मिनिटांची सवलत नव्हती. बहुतेक दिवशी हे जेवण थंडच असे: पाव, चीज, लोणी, काकडी, मुळा, एखादी चटणीसारखी लावायची वस्तू, आणि प्रत्येकासमोर ताटाऐवजी एक लाकडी फळी. मी मांस खात नाही हे फॉर्ममध्ये लिहिले होते आणि त्याचा कोणी बाऊ केला नाही; मुलगीही वर्षभरापासून शाकाहारी झाली होती, त्यामुळे माझ्या येण्याने तिच्या बाजूचे एक मत वाढले एवढेच. गरम जेवण असे त्या दिवशी चीज घातलेले श्पेट्सले (मऊ, जाडसर नूडल), नाहीतर मसूर आणि श्पेट्सले. हा दुसरा पदार्थ म्हणजे श्वाबियाचा, ट्यूबिंगेन ज्यात येते त्या नैर्ऋत्य जर्मनीतल्या प्रदेशाचा, जीव की प्राण. मसूर व्हिनेगर घालून आंबटसर शिजवतात आणि सोबत सॉसेज वाढतात. आम्हा दोघींना सॉसेजशिवाय. त्या मसुराचीही एक कथा आहे. जवळच्या श्वाबियन आल्ब या डोंगराळ पठारावर पूर्वी मसुराचे पीक घेत, पण गेल्या शतकाच्या मध्यानंतर ते बंद पडले आणि स्थानिक वाण नाहीसे झाले. काही शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकात परदेशी वाणावर लागवड पुन्हा सुरू केली, आणि मूळ वाणाचे बी २००६ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाणे संग्रहात सापडले. यजमान ही हकिकत घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगत, आणि काही काळाने तपशील गाळला गेला तर तो पुरवण्याचे काम माझ्याकडे आले.

भाषेच्या बाबतीत टेबलावरची संध्याकाळ वर्गातल्या तासांपेक्षा कठीण होती. माझी जर्मन व्याकरणशुद्ध होती आणि त्यामुळेच संथ होती. ते चौघे, म्हणजे आठवड्याअखेरीस मुलगाही आला की, श्वाबियन बोलीत एकमेकांना तोडत बोलत, आणि माझे वाक्य क्रियापदापर्यंत पोहोचेपर्यंत विषय बदललेला असे. माझ्याकडे वळून बोलताना मात्र सगळे शुद्ध आणि सावकाश बोलत. यात सौजन्य होते, पण त्या सौजन्यामुळे टेबलावर दोन संभाषणे चालत, एक त्यांचे आणि एक माझ्यासाठी चालवलेले. सुरुवातीच्या आठवड्यांत मला ताट उचलू देत नसत, भांडी यंत्रात लावू देत नसत. तू अभ्यास कर, असे म्हणत. वरवर पाहता यासारखे सुख नाही. प्रत्यक्षात मात्र ज्याला घरात काही काम नसते त्याला घरात बोलायलाही काही नसते, कारण घरातली निम्मी बोलणी कामावरूनच होतात: कोण काय आणणार, कुठे काय ठेवले, कालचे कोणी धुतले नाही.

हे बदलले ते जिन्यामुळे. श्वाबियात भाड्याच्या आणि सामाईक इमारतींमध्ये केअरवोखे नावाची व्यवस्था असते. ज्या बिऱ्हाडाची पाळी असेल त्याच्या दारावर एक पाटी लटकते आणि त्या आठवड्यात सामाईक जिना झाडणे, पुसणे, कठडा फडक्याने साफ करणे ही त्या बिऱ्हाडाची जबाबदारी असते. ही झाली लहान पाळी. मोठ्या पाळीत घरासमोरचा पदपथ, कचऱ्याच्या डब्यांची जागा आणि हिवाळ्यात बर्फ काढणे येते. या व्यवस्थेची मुळे श्टुटगार्ट शहराच्या १४९२ च्या नियमांपर्यंत मागे नेतात. ते नियम या प्रदेशाचा तेव्हाचा शासक काउंट एबरहार्ट याच्या काळातले, आणि त्याच एबरहार्टने १४७७ मध्ये ट्यूबिंगेनचे विद्यापीठ स्थापन केले. जिना आणि ग्रंथालय अशा दोन्ही ठिकाणी मी एकाच माणसाच्या इच्छेने राबत होते, असे म्हणायला हरकत नाही.

नोव्हेंबरात आमच्या मजल्याची पाळी आली तेव्हा बाई आजारी होत्या आणि मुलीची चाचणी होती. मी बादली मागितली. यजमान जरा अवघडले, मग त्यांनी मला पद्धत दाखवली: वरून खाली झाडत यायचे, मग वरून खाली पुसत यायचे, पायपुसणी बाहेर नेऊन झटकायची, आणि हे सगळे शनिवारी दुपारपर्यंत, कारण रविवारी असली कामे करत नाहीत. मी अर्ध्यावर असताना तळमजल्यावरच्या वृद्ध बाई दार उघडून बाहेर आल्या. त्या इमारतीतल्या सर्वांत जुन्या रहिवासी होत्या आणि जिन्याच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई. त्यांनी कठड्याच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवले, ते मला दाखवले आणि अस्सल बोलीत काही तरी सांगितले, ज्यातले मला फक्त ‘खाली’ एवढेच कळले. माझ्याशी बोलताना बोली न बदलणाऱ्या त्या घरातल्या पहिल्या व्यक्ती. मी खालची बाजू पुसली. त्यांनी मान हलवली आणि दार लावून घेतले.

त्या आठवड्यापासून बाईंनी स्वयंपाकघरातल्या वेळापत्रकात माझे नाव घातले. जिन्याची आमची दर दुसरी पाळी माझी, भांड्याचे यंत्र मंगळवारी आणि शुक्रवारी माझे, आणि रिकाम्या बाटल्यांचे काम पूर्णपणे माझे. बाटल्यांचे काम वाटते तितके साधे नाही. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि पेयाच्या डब्यावर २५ सेंट ठेव असते, बियरच्या बहुतेक बाटल्यांवर ८ सेंट, आणि त्या दुकानातल्या यंत्रात परत द्यायच्या असतात. मुरंब्याच्या आणि वाइनच्या बाटल्यांना ठेव नसते, त्या रस्त्याच्या कडेच्या मोठ्या टाक्यांत पांढरी, तपकिरी आणि हिरवी काच वेगवेगळी करून टाकायच्या, तेही रात्री किंवा रविवारी नाही, कारण काच फुटल्याचा आवाज होतो. निळ्या बाटलीचे काय करायचे, यावर एकदा घरात बराच खल झाला. ती हिरव्या काचेच्या टाकीत जाते. हे मलाच ठाऊक निघाले, आणि यजमानांनी टाकीवरची सूचना प्रत्यक्ष वाचून येईपर्यंत माझ्यावर विश्वास ठेवला नाही.

याचा परिणाम माझ्या बोलण्यावर फार लवकर झाला. वेळापत्रकात नाव असलेल्या माणसाला टेबलावर रागावता येते आणि त्याच्यावर रागावताही येते. यंत्रात सुऱ्या टोक वर करून कोण लावते, यावर मुलीचे आणि माझे खटके उडू लागले, आणि खटका उडताना कोणी सावकाश शुद्ध भाषेत बोलत नाही. डिसेंबरपर्यंत बोली कळण्याइतपत माझी प्रगती झाली होती. बोलण्याचा प्रयत्न मात्र मी सोडून दिला, कारण माझ्या तोंडून ती ऐकली की मुलीला हसू आवरत नसे.

हिवाळा तिथे दीर्घ असतो. डिसेंबरात सूर्य आठनंतर उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो, आणि मधल्या वेळात तो दिसेलच असे नाही. वसतिगृहात राहणाऱ्या माझ्या सोबत्यांना हे महिने जड गेले. मला तुलनेने कमी, कारण घरात आठवड्यागणिक काही तरी ठरलेले असे. नाताळच्या आधीच्या चार रविवारी सूचिपर्णी झाडाच्या फांद्यांच्या चक्रावर एकेक मेणबत्ती वाढत जाते, आणि त्याच दिवसांत लहान बिस्किटांचे घाणेच्या घाणे भाजून पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवतात. नाताळच्या पूर्वसंध्येचे जेवण मोठे शाही असेल अशी माझी कल्पना होती. होते बटाट्याचे सॅलड आणि सॉसेज. खरी मेजवानी दुसऱ्या दिवशी. या सगळ्याविषयी इतरत्र भरपूर लिहिले गेले आहे.

मला जास्त आठवतात ती त्या हिवाळ्यातली राजकीय भांडणे. ट्यूबिंगेनने १ जानेवारी २०२२ पासून एकदाच वापरायच्या कपावर आणि खाण्याच्या डब्यावर ५० सेंट, तर चमच्या-काट्यांवर २० सेंट असा पालिकेचा कर लावला होता, आणि त्याविरुद्धचे प्रकरण थेट कार्ल्सरूहेच्या घटनात्मक न्यायालयापर्यंत गेले होते. २२ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने कर वैध ठरवल्याचे जाहीर झाले त्या संध्याकाळी बाईंना विजयाचा आनंद आणि यजमानांना कराच्या हिशेबाची चिंता, अशी टेबलाची वाटणी झाली. मी रोज बसस्थानकाजवळ कॉफी घेत असे, त्यामुळे माझी साक्ष काढण्यात आली. मी स्वतःचा कप बाळगायला लागले होते ते तत्त्वापेक्षा ५० सेंटांमुळेच, असे सांगितल्यावर दोघांनीही तो आपल्याच बाजूचा पुरावा मानला.

पुढच्याच महिन्यात, २३ फेब्रुवारीला, संसदेची मुदतपूर्व निवडणूक झाली. प्रत्येक मतदाराला दोन मते असतात, एक मतदारसंघातल्या उमेदवाराला आणि एक पक्षाच्या यादीला, आणि नव्या कायद्याने सभासदांची संख्या ६३० वर गोठवल्यामुळे यादीच्या मतांनी आधार नसेल तर मतदारसंघात पहिला आलेला उमेदवारही बाहेर राहू शकतो. हे मला परकी म्हणून समजावून सांगायला यजमान बसले आणि समजावता समजावता त्यांचेच पत्नीशी एकमत होईना. निकालात नेमके ट्यूबिंगेनमध्येच तसे घडले: सर्वाधिक मते मिळवणाऱ्या उमेदवाराला संसदेत जागा मिळाली नाही. एखादी व्यवस्था परक्याला समजावून सांगण्याची वेळ आली की घरचे लोक ती नव्याने तपासू लागतात; कुटुंबांना परदेशी विद्यार्थी घरी ठेवावासा का वाटतो याचे एक कारण मला त्या संध्याकाळी दिसले.

गावात नेकार नदीच्या काठावर एक पिवळा मनोरा आहे. कवी होल्डरलिन मानसिक आजारानंतर १८०७ मध्ये तिथे एर्न्स्ट त्सिमर या सुताराच्या घरी राहायला आला आणि १८४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिला. त्सिमरने त्याचे लेखन वाचलेले होते आणि ते आवडले म्हणून त्याने हा भार पत्करला. सुताराच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलीने कवीची काळजी घेतली. त्याच्या राहण्या-जेवण्याचे पैसे मिळत असत, म्हणजे व्यवहार होताच. साहित्याच्या वर्गात या छत्तीस वर्षांकडे कवीच्या बाजूने पाहिले जाते. मला मात्र पाहुण्याच्या वेळा सांभाळणारे, त्याच्या येरझारा ऐकत झोपणारे ते सुताराचे घरच जास्त विचार करण्याजोगे वाटू लागले, आणि सत्रान्ताचा निबंध मी त्याच विषयावर लिहिला.

कुटुंबात राहण्याची गैरसोय सांगितली नाही तर हे लिहिणे अपुरे राहील. संध्याकाळी जेवायला येणार नसेन तर दुपारपर्यंत कळवावे लागे. रात्री दहानंतर आवाज नाही, मुक्कामाला पाहुणा आणायचा तर आधी विचारायचे, आणि मैत्रिणींबरोबर ऐनवेळी ठरलेल्या बेतांना बहुतेक वेळा नकार द्यायचा. यातल्या कोणत्याही नियमावर माझा आक्षेप नव्हता, पण पंचविसाव्या वर्षी पुन्हा कोणाच्या तरी घरातले मूल व्हायचे, हे अधूनमधून अंगावर येई. बाईंची काळजी आणि चौकशी यांतली रेषा पुसट होती. परीक्षेत किती गुण मिळाले हे त्या मुलीइतक्याच सहजपणे मला विचारत. मार्चमध्ये सुट्टीच्या दिवसांत मी एकदा स्पष्टच सांगितले की काही संध्याकाळी मला माझ्या खोलीतच जेवायचे आहे. त्यांना ते लागले असावे, पण दुसऱ्याच दिवशी वेळापत्रकात माझ्या नावापुढे दोन वारांच्या रकान्यांत रेघ मारलेली होती आणि त्यावर पुढे कधी चर्चा झाली नाही. तक्रार टेबलावर मांडायची, उपाय कागदावर लिहायचा आणि विषय संपवायचा, ही त्यांची रीत मला पटली. एकान्त आणि लहरीप्रमाणे वागण्याची मोकळीक ज्याला अत्यावश्यक आहे त्याने मात्र वसतिगृहाच्या यादीत नाव घालून वाट पाहिलेली बरी.

उन्हाळी सत्र एप्रिलच्या मध्यात सुरू झाले आणि दिवस इतके मोठे झाले की संध्याकाळचे जेवण बाल्कनीत होऊ लागले. मुलीची आबिटूर पार पडली. जुलैच्या अखेरीस पुन्हा कागदपत्रे निघाली: देश सोडताना नोंदणी रद्द करावी लागते आणि तो अर्ज निघण्याच्या एक आठवडा आधीपासून देता येतो, त्याचा दाखला असला की आरोग्यविमा आणि बँकेतले खाते बंद करणे सोपे जाते. खोलीतल्या वस्तूंची यादी यजमानांनी कराराबरोबरच जोडली होती, ती आम्ही दोघांनी मिळून तपासली. एका दिव्याची काच आधीपासून तडकलेली होती असे त्यात लिहिलेले होते, आणि तेवढ्यावरून त्यांनी मला नीट नोंदी ठेवण्याचे महत्त्व पुन्हा एकदा सांगितले.

निघण्याच्या आदल्या दिवशी तळमजल्यावरच्या बाईंचा निरोप घ्यायला गेले. त्यांनी मला आत बोलावले, कॉफी दिली, आणि मी कुठून विमान घेणार, घरी कोण कोण आहे, अशी चौकशी केली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरचे पान उलटून त्यांनी ऑगस्टमधल्या एका आठवड्यावर बोट ठेवले. तिथे आमच्या मजल्याची पाळी होती आणि कंसात माझे नाव होते. आता हे कोण करणार, असे त्यांनी विचारले. मुलगी करेल, मी म्हणाले. त्यांनी माझे नाव खोडले, तिचे लिहिले, आणि तिला कठड्याच्या खालच्या बाजूविषयी सांगून ठेवायला मला बजावले.